काचेच्या बागेतील एकटा प्रवासी



सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आपण काचेतून पाहत असतो. काचेकडे मात्र क्वचितच पाहतो. खिडकीचे तावदान, आजोबांचा चष्मा, आईच्या हातातील बांगडी, प्रयोगशाळेतील परीक्षानळी, मोबाइलचा पडदा, या साऱ्यांत काच आहे. नजरेला अडवायचे नाही, हा तिचा मोठा गुण. त्या गुणामुळेच तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते!

पण जगात अशी काही ठिकाणे आहेत की जेथे लोक तिकीट काढून केवळ काच पाहायला जातात. जपानमधील हाकोने या डोंगराळ गावी १९९६ मध्ये ‘काचेचे वन’ या अर्थाच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले. तेथे दालनांत व्हेनिसची जुनी काचपात्रे आहेत आणि बाहेरच्या बागेत स्फटिककाचेच्या मण्यांनी मढवलेली कमान व झाडे उन्हात चमकत असतात. अमेरिकेतील सिॲटल शहरात २०१२ मध्ये डेल चिहुली या काचकलावंताच्या कामाची बाग खुली झाली. तेथे खऱ्या रोपांच्या ताटव्यांतून काचेचे रंगीत देठ आणि गोळे वर आलेले दिसतात. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग गावचे काचसंग्रहालय तर १९५१ पासून आहे.

अशा बागेत तुम्ही एखाद्या दिवशी एकट्याने गेलात, तर काय पाहाल? नुसते ‘किती सुंदर!’ म्हणून परत फिरलात, तर तिकिटाचे पैसे निम्मेच वसूल होतील. काच कळण्यासाठी थोडी तयारी हवी. ती तयारी आपल्या गावातच करता येते, आणि तिच्यासाठी लागणारा प्रवासही आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. समजा, तुम्ही वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथे राहता. वर्धा स्थानकावर गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस येते. पुणे, कराड आणि कोल्हापूर ही तिच्या वाटेवरची तीन स्थानके आपल्याला काचेची गोष्ट सांगणार आहेत. पण गाडीत बसण्यापूर्वी काच म्हणजे काय ते पाहू.

खडीसाखर आणि लिमलेटची गोळी

किराणा दुकानातून थोडी खडीसाखर आणि एक पारदर्शक लिमलेटची गोळी आणा. दोन्ही मुख्यतः साखरेच्याच. पण खडीसाखरेला सपाट पैलू आणि टोकदार कडा आहेत. गोळीला मात्र तुम्ही द्याल तो आकार. असे का?

खडीसाखर तयार होताना पाक सावकाश थंड होतो. साखरेच्या रेणूंना रांगेत, शिस्तीने उभे राहायला सवड मिळते. असा शिस्तबद्ध पदार्थ म्हणजे स्फटिक. गोळीचा पाक खूप आटवून झटकन थंड केलेला असतो. रेणूंना रांगा लावायला वेळच मिळत नाही. द्रवात जी गर्दी होती तीच गर्दी जागच्या जागी थिजते. असा थिजलेला, अस्फटिकी घन पदार्थ म्हणजे काच. लिमलेटची गोळी ही साखरेची काच होय!

तावदानाची काच वाळूची असते. वाळूतील सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. एवढी उष्णता पूर्वीच्या भट्ट्यांना झेपणारी नव्हती. म्हणून वाळूत सोडा मिसळतात. त्यामुळे मिश्रण बऱ्याच कमी तापमानाला वितळते. पण नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळू लागते. तिला टिकाऊ करण्यासाठी चुनखडी घालतात. नेहमीच्या काचेत साधारणपणे ७० ते ७४ टक्के सिलिका आणि बाकी मुख्यतः सोडा व चुना असतो.

येथे एक गैरसमज दूर करू. काच हा अतिशय मंद वाहणारा द्रव आहे, म्हणून युरोपातील जुन्या चर्चची तावदाने खालच्या बाजूला जाड झाली, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असे. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एडगर झानोट्टो यांनी १९९८ मध्ये गणित करून दाखवले की नेहमीच्या तापमानात काचेला असे वाहायला विश्वाचे वयही पुरणार नाही. मग तावदाने जाड का? पूर्वी फुंकलेला काचेचा फुगा गरगर फिरवून त्याची थाळी करीत. ती सगळीकडे सारख्या जाडीची होत नसे. तिच्यातून कापलेला तुकडा चौकटीत बसवताना जाड कड बहुधा खाली ठेवली जाई, इतकेच.

भट्टीसमोर उभे राहताना

काचेच्या बहुतेक मोठ्या बागांत एक भट्टी असते आणि तेथे कारागीर प्रेक्षकांसमोर काच फुंकतात. एकट्या प्रवाशाने सर्वांत अधिक वेळ द्यावा तो येथे. बरोबरची मंडळी ‘चला, पुढे चला’ म्हणत नाहीत, हा एकटेपणाचा पहिला फायदा!

बर्फ शून्य अंशाला एकदम वितळतो. काचेचे तसे नाही. ती तापवली की आधी मऊ, मग लवचीक, मग मधासारखी आणि शेवटी पातळ होते. तिला ठरावीक वितळणबिंदू नाही. या दुबळेपणासारख्या दिसणाऱ्या गुणावरच सारी काचकला उभी आहे. सुमारे ११०० अंशांच्या आसपासची काच फुंकनळीच्या टोकाला मधासारखी गुंडाळता येते. थोडी निवली की फुंकता येते, ओढता येते, चिमट्याने वाकवता येते. आणखी निवली की आकार पक्का. कारागिराला मिळतात ती मधली काही क्षणांची सवड. ती संपली की वस्तू पुन्हा भट्टीच्या तोंडाशी न्यायची.

तीन गोष्टी नीट पाहा. पहिली, नळी सतत फिरत असते. फिरणे थांबले, तर गुरुत्वाकर्षणाने काच एका बाजूला ओघळेल. दुसरी, काचेचा रंग बदलत असतो. नारिंगी, मग लाल आणि मग बिनरंगी. बिनरंगी झाली म्हणजे गार झाली असे मात्र समजू नका. ५०० अंशांची काच दिसायला गार काचेसारखीच दिसते. हात लावला की कळते, पण फार उशिरा! तिसरी, कारागीर कित्येकदा भिजवलेल्या वर्तमानपत्राची घडी तळहातावर ठेवून तिनेच तापलेल्या काचेला गोलाई देतो. कागद पेटत का नाही? तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचताना तुम्ही पाहिला असेल. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते. येथेही ओल्या कागदाच्या आणि काचेच्या मध्ये तशीच वाफेची गादी असते.

वस्तू तयार झाली, तरी काम संपलेले नसते. बाहेरचा थर आधी थंड होऊन घट्ट होतो आणि आतला मागाहून आकसू पाहतो. या ओढाताणीने काचेत ताण राहतात आणि ती आपोआप तडकू शकते. म्हणून ती सुमारे ५०० अंश तापमानाच्या दुसऱ्या भट्टीत ठेवून हळूहळू निववतात. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. पेल्याला काही तास पुरतात. पण कॉर्निंगच्या कारखान्याने पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी २०० इंच व्यासाची काचेची चकती १९३४ मध्ये ओतली, तेव्हा ती निववायला सुमारे दहा महिने लागले. त्याच वर्षी ओतलेली पहिली चकती सदोष निघाली होती. ती आज कॉर्निंगच्या संग्रहालयात मानाने ठेवलेली आहे. फसलेला प्रयत्न जपून ठेवणारे संग्रहालय पाहण्यासारखेच म्हणायचे.

रंग कोठून येतात?

तावदानाच्या तुटक्या कडेकडे आडवे पाहा. हिरवट झाक दिसेल. ती वाळूतील लोहाची. हाच रंग काढून टाकण्यासाठी जुने काचकार थोडे मँगनीज घालीत. कोबाल्ट हजारात एखादा भाग असले, तरी काच गर्द निळी होते. तांबे आकाशी रंग देते. भट्टीत हवा कमी ठेवली, तर तेच तांबे लाल रंग देते. सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचेला माणकासारखी लाली देतात. सोने पिवळे, पण त्याचे कण फारच लहान झाले की ते प्रकाशाशी वेगळे वागतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातील एक रोमन पेला आहे. समोरून प्रकाश पडला की तो हिरवा दिसतो आणि आत दिवा ठेवला की लाल. सोन्या-चांदीच्या सूक्ष्म कणांची ही करामत, ती करणाऱ्याला अर्थातच अणू-रेणू ठाऊक नव्हते!

म्हणून काचेच्या बागेत प्रत्येक वस्तूपुढे तीन प्रश्न विचारा: ही किती मऊ असताना घडवली? हिच्यात काय मिसळले? हिला किती सावकाश निववले? वस्तू पाहून तुम्ही अंदाज बांधू लागलात, की बाग तुमच्याशी बोलू लागली म्हणून समजा.

पैशापैशाने पेटलेली भट्टी

आता आपल्या गाडीत बसू. पुण्याला उतरून लोकलने लोणावळ्याच्या दिशेने गेलात, की वाटेत तळेगाव दाभाडे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे कंदिलाच्या काचा, बांगड्या, बाटल्या मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रिया, जर्मनी, जपान अशा देशांतून येत. स्वदेशीचे वारे वाहत होते. अंताजी दामोदर काळे यांनी एक साधी कल्पना मांडली, की देशी उद्योगासाठी प्रत्येकाने एक पैसा द्यावा. त्या वेळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. लोकमान्य टिळकांनी आणि ‘केसरी’ने या पैसाफंडाला पाठबळ दिले. त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला.

पैसे जमले, पण काच कोण करणार? काचेची विद्या नुसत्या पुस्तकात मावत नाही. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी १२९१ मध्ये शहरातील भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, त्याचे कारण आगीची भीती असे सांगतात. पण त्यामुळे कारागीर नजरेखाली राहिले आणि त्यांना देश सोडून जाण्याची बंदी झाली. विद्या हातांत होती आणि हात बाहेर गेले की विद्याही जाणार होती! तळेगावच्या भट्टीला असे शिकलेले हात मिळाले ते ईश्वरदास वार्ष्णेय यांचे. उत्तर हिंदुस्थानातील हा तरुण दूर जपानला आणि पुढे अमेरिकेला जाऊन काचविद्या शिकला होता. परत आल्यावर त्याने तळेगावची जबाबदारी घेतली. तळेगावला नुसता कारखाना नव्हता, तर शाळाही होती. तेथे शिकलेले विद्यार्थी पुढे देशातील इतर काच कारखान्यांत गेले.

परक्या देशात भट्टीसमोर उभे राहून कारागिराचे हात न्याहाळणारा तो विद्यार्थी आठवा. काचेच्या बागेतील एकटा प्रवासी कसा असावा, याचे याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही. चिहुली यांचेही असेच. १९६८ मध्ये ते मुरानोच्या व्हेनिनी कारखान्यात शिकायला गेले. तेथे त्यांना दिसले की एक जण फुंकतो, दुसरा आकार देतो, तिसरा नवी काच आणतो, चौथा भट्टीचे दार सांभाळतो. परत आल्यावर त्यांनीही अशाच चमूने काम केले. १९७६ मध्ये अपघातात त्यांचा डावा डोळा गेला आणि पुढे खांदाही दुखावला. स्वतः फुंकणे थांबले, पण चमू होता म्हणून काम थांबले नाही.

दोन गावांतील दिवे

पुन्हा महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडा आणि कराडला उतरा. स्थानकालगतच ओगलेवाडी आहे. पहिल्या महायुद्धामुळे परदेशी काच येणे अवघड झाले होते. त्याच काळात, १९१६ मध्ये, औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंनी येथे काच कारखाना काढला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. संध्याकाळी राखेने कंदिलाची काच पुसण्याचे काम बहुधा त्यांच्याकडेच असेल. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते, हे विज्ञानही ते तेव्हाच शिकले असतील. थेंबाखालचा भाग एकदम आकसतो, शेजारचा आकसत नाही. मघाचीच ताणाची गोष्ट!

आता जपानच्या उत्तरेकडील ओतारू हे बंदर पाहा. १९०१ मध्ये तेथे आसाहारा नावाच्या घराण्याने काचकाम सुरू केले. त्यांचाही मुख्य माल तेलाच्या दिव्यांचा. पुढे ते हेरिंग माशांच्या जाळ्यांना बांधायचे काचेचे पोकळ गोळे करू लागले. वीज आली, दिवे गेले. प्लॅस्टिक आले, गोळे गेले. अगदी ओगलेवाडीसारखेच संकट. ओतारूच्या काचकारांनी मग कलेच्या आणि रोजच्या वापराच्या सुंदर वस्तूंकडे मोर्चा वळवला. १९८३ मध्ये त्यांनी मासे साठवण्याच्या जुन्या दगडी वखारीत दालन उघडले. तिच्या भोजनगृहात १६७ तेलाचे दिवे लावतात. ज्या दिव्याची गरज संपली, तो दिवाच पाहायला आता दुरून माणसे येतात.

ओगलेवाडीचा कारखाना मात्र पुढे बंद पडला. गावाला नाव उरले आणि जुन्या घरांच्या माळ्यावर काही कंदील उरले. कारखाना बंद पडण्याची कारणे अनेक असतात. त्यांचा निवाडा करणे हे आपले काम नव्हे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. यंत्र बंद पडले, तर पुन्हा सुरू करता येते. फुंकणाऱ्या हातांची साखळी एकदा तुटली, की ती जोडायला कोणाला तरी पुन्हा दूरदेशी जावे लागते. काचेच्या बागा नुसत्या करमणुकीसाठी नाहीत. तेथे ती साखळी चालू राहते.

याच गाडीचे शेवटचे स्थानक कोल्हापूर. तेथील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेव्हा मातीच्या थरांतून काचेच्या जुन्या बांगड्याही निघाल्या. याच दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा इतिहास लिहिला. तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. फुटक्या बांगडीच्या तुकड्याकडे कचरा म्हणून न पाहता पुरावा म्हणून पाहणारा माणूस लागतो, तेव्हा असा ग्रंथ होतो.

एकट्याने जाताना

शाळेत असेपर्यंत असा प्रवास घरच्यांबरोबर किंवा शिक्षकांबरोबर करा. पुढे एकट्याने जाल, तेव्हा कोठे जातो आणि केव्हा परततो हे घरी सांगून जा. मुलगा असो की मुलगी, नियम सारखाच.

गडद रंगाचे कपडे घाला. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चार टक्के परत पाठवतो. पांढरा सदरा घालून काचेच्या कपाटापुढे उभे राहिलात, तर वस्तूऐवजी सदराच दिसेल. एकाच वस्तूभोवती फिरा, बसून पाहा, प्रकाशाच्या उलट बाजूने पाहा. सकाळी पाहिलेली वस्तू दुपारी पुन्हा पाहा. ऊन तिरपे झाले की रंग बदललेले असतात. पाठीवरची पिशवी पुढे घ्या, कारण मागच्या मांडणीला धक्का लागल्याचे सांगायला बरोबर कोणी नसते. आणि कारागिराला प्रश्न विचारा. एकट्या माणसाला उत्तर देताना तोही सावकाश बोलतो.

घरी करून पाहा

१. काचेच्या बांगडीवरून नख फिरवा. फिरोझाबादच्या पद्धतीत तापलेल्या काचेची तार फिरत्या दांड्यावर गुंडाळून तिचे वेटोळे कापतात आणि प्रत्येक कड्याची टोके ज्योतीवर जोडतात. तो सांधा सापडतो का पाहा.

२. लिमलेटची एक पारदर्शक गोळी पावसाळ्यात उघड्यावर ठेवा. काही दिवसांत ती चिकट आणि धूसर होईल. ओलावा मिळाला की साखरेचे रेणू पुन्हा रांगा लावू लागतात. मुंग्यांपासून मात्र जपा!

३. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यापुढे प्लॅस्टिकची पारदर्शक मोजपट्टी धरा आणि ध्रुवण करणाऱ्या गॉगलमधून तिच्याकडे पाहा. गॉगल हळूहळू फिरवा. पट्टीत रंगांचे पट्टे उमटतील. साच्यात ओतताना आत राहिलेल्या ताणाशी हे रंग निगडित आहेत. काचेतील ताणही काचकार अशाच रीतीने शोधतात.

४. गावात जुना कंदील कोणाकडे आहे ते शोधा. काचेवर किंवा पत्र्यावर कोणते नाव आहे, तो केव्हा घेतला, कोण पुसत असे, हे सारे वहीत लिहा. शिक्षकांनी वर्गातील अशा नोंदी एकत्र केल्या, तर आपल्या गावच्या उजेडाचा छोटासा इतिहास तयार होईल.

काच पाहायला एकट्याने जावे. पण तेथे दिसते ते असे की काच कोणी एकटा करीत नाही. फुंकणाऱ्यामागे चमू असतो, चमूमागे शिकवणारे असतात, आणि तळेगावच्या भट्टीमागे तर एकेक पैसा देणारी हजारो अनोळखी माणसे होती. पुढच्या वेळी तावदानाबाहेर पाहाल, तेव्हा क्षणभर नजर अलीकडे आणा आणि तावदानही पाहा.